गवतातला सोनेरी पतंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग पाहायला बसू लागल्यापासून मला एका किड्याबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते. फोटो बहुतेक वेळा हललेला असतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, "हे काय आहे? गवतात खूप आहेत." काही फोटो बोरिवली-गोरेगावच्या खिडक्यांतून येतात, काही गावच्या भातखाचरातून. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत, कारण किडा एकच आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गवतातून चालताना पायाशी भुर्रकन उडतो आणि दोन पावलांवर पुन्हा गायब होतो, तो पिवळट किडा कोणता?

बहुतेक वेळा तो भाताची पानं गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग असतो. शास्त्रीय नाव नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. हा रात्रीचा जीव आहे. दिवसा तो गवताच्या पात्याखाली बसून असतो, म्हणून दिवसा त्याचं उडणं म्हणजे केवळ आपल्या पायापासून पळणं. तो लांब जात नाही, दोन-तीन मीटरवर उतरतो आणि पात्याच्या खालच्या बाजूला सरकतो. गायब झाल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. उतरलेल्या जागी खाली वाकून पात्याच्या मागे पाहा, सापडेल.

२. याला साधं मराठी नाव नाही का?

अळीला आहे, पतंगाला नाही. शेतकरी आणि कृषी विभाग दोघंही "पाने गुंडाळणारी अळी" म्हणतात. उडणाऱ्या रूपाला कोणी वेगळं नाव दिलेलं माझ्या कानावर आलेलं नाही. मी याला "सोनेरी गवती पतंग" म्हणतो, पण हे माझं घरगुती नाव आहे, ते शोधू गेलात तर कुठे सापडणार नाही. शास्त्रीय नावातला "मेडिनॅलिस" हा भाग अशिल गने या फ्रेंच वकिलाने १८५४ मध्ये दिला. वकिली सांभाळून त्यांनी पतंगांवर आयुष्यभर काम केलं. आज वापरात असलेलं पहिलं नाव, म्हणजे प्रजातीचं (जवळच्या जातींच्या गटाचं), १८६३ मधलं आहे.

३. हे छोटं फुलपाखरूच ना?

नाही, पतंग. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, याच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ आणि बारीक असतात. बसताना फुलपाखरं बहुधा पंख पाठीवर मिटून उभे धरतात. हा ते उतरत्या छपरासारखे पसरून बसतो आणि वरून पाहिलं तर छोटा त्रिकोण दिसतो. तोंडापुढे चोचीसारखं टोक आलेलं असतं. ती चोच नसून ओठांचे पुढे आलेले भाग असतात. या कुळातल्या पुष्कळ पतंगांना असं टोक असतं.

४. मुंबईत तो कुठे बघायला मिळेल?

जिथे पावसाळी गवत गुडघ्यापर्यंत वाढू दिलं जातं तिथे. आरेच्या पाड्यांभोवती, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, गोराई-मनोरीच्या भातखाचरांच्या बांधांवर, रेल्वेच्या हद्दीतल्या मोकळ्या पट्ट्यांत, आणि बांधकाम थांबून दोन पावसाळे झालेल्या प्लॉटमध्येसुद्धा. मुंबईचं गवत म्हणजे फक्त मैदानावरची कापलेली हिरवळ असं अनेकांना वाटतं. या पतंगाला अशा हिरवळीत लपायला जागाच उरत नाही (क्रमांक १९ पाहा).

पहिल्या पावसानंतर गवत वर यायला तीन-चार आठवडे लागतात. पतंग डोळ्यांत भरतात ते ऑगस्टपासून, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा ऐन मोसम. वेळ अंधार पडल्यानंतरची. राष्ट्रीय उद्यानात रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि आरेच्या बाजूला बिबट्या व घोणस दोन्ही आहेत, म्हणून नवख्यांनी एकट्याने गवतात शिरू नये. खरं तर लांब जायची गरजही नाही. गवताळ प्लॉटकडे तोंड असलेल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पांढरं कापड आणि एक दिवा पुरतो. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह साजरा होतो. २०१२ पासून तो चालू आहे आणि आपल्या पावसाशी त्याची वेळ बरी जुळते.

५. फोटोवरून नेमका हाच आहे हे कसं ठरवायचं?

पंखांचा रंग वाळलेल्या पेंढ्यासारखा, थोडी सोनेरी झाक असलेला. पंखांच्या बाहेरच्या कडेला गडद तपकिरी रुंद पट्टा. पुढच्या पंखावर तीन आडव्या नागमोडी रेघा: दोन वरच्या कडेपासून खालपर्यंत उतरलेल्या, आणि त्यांच्यामध्ये एक आखूड, अर्ध्यातच थांबलेली. ही आखूड रेघ शोधायची. नरामध्ये आणखी एक खूण असते, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर मध्याजवळ काळसर केसांचा झुबका. फोटो स्वच्छ असेल तर तो काजळाच्या ठिपक्यासारखा दिसतो.

याच गवतात याच वेळी आणखी काही जण असतात, त्यांची गल्लत होते. पंख गडद तपकिरी आणि त्यावर ठळक पांढरा पट्टा असेल तर तो माठ आणि तांदुळजावर वाढणारा पतंग. पांढरट नाजूक पंखांवर फिकट तपकिरी-काळ्या खुणा असतील तर सुरळीतल्या अळीचा (क्रमांक १६). पिवळाधमक आणि पुढच्या प्रत्येक पंखावर एकच काळा ठिपका असेल, तर ती पिवळ्या खोडकिड्याची मादी. भातशेतीच्या गावात दिव्याखाली सकाळी झाडून काढावे लागतात ते बहुधा खोडकिड्याचेच पतंग, पण दोष आपल्या सोनेरी पतंगावर येतो.

६. अळी पानाची नळी करते तरी कशी? तिला ना हात ना गोंद.

हा मला आलेला सगळ्यांत आवडता प्रश्न आहे, आणि तो ठाण्याच्या एका सातवीतल्या मुलीने विचारला होता.

अळीच्या तोंडाखाली रेशीम सोडणारी ग्रंथी असते. अळी पानाच्या मधोमध बसते, डोकं एका कडेला टेकवून धागा चिकटवते, मग डोकं वळवून दुसऱ्या कडेला चिकटवते. या कडेवरून त्या कडेला अशी तिची डोक्याची ये-जा सुरू राहते. ओला धागा वाळताना आकसतो. एका धाग्याची ओढ नगण्य असते, पण एकाच जागी अनेक धागे पडले की पानाच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात. मग अळी थोडी पुढे सरकते आणि तिथे पुन्हा टाके घालते. आधीच्या टाक्यांनी कडा जवळ आलेल्या असतात, त्यामुळे पुढचे धागे आखूड लागतात. शेवटी पान लांबीच्या दिशेने मिटतं आणि अळी आत बंद होते. बाहेरून पाहिलं तर कडांवर ओळीने पांढरे टाके दिसतात, गोधडीला घातलेल्या धावदोऱ्यासारखे.

आत बसून ती पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि बाहेरची पातळ साल तशीच ठेवते. म्हणून पानाला भोक पडत नाही, त्यावर लांब, पांढरे, कागदासारखे पट्टे उमटतात. एका नळीत साधारण एकच अळी असते. खाणं संपलं की ती नळी सोडते आणि दुसऱ्या पानावर नवी शिवते. आयुष्यात अशी तीन-चार पानं होतात. अंड्यातून नुकती निघालेली अळी मात्र हे करत नाही, ती मधल्या कोवळ्या, अजून न उलगडलेल्या पानात शिरून खाते. शिवणकाम दुसऱ्या अवस्थेपासून सुरू होतं.

नळी उघडून पाहायची असेल तर सावकाश उघडा. धक्का लागला की अळी मागच्या मागे वळवळत सटकते आणि उडी मारल्यासारखी खाली पडते. ती फिकट हिरवी, जवळजवळ आरपार दिसणारी असते, डोकं तेवढं गडद तपकिरी.

७. अंड्यापासून पतंगापर्यंत किती दिवस लागतात?

आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधारण एक महिना. अंडी चपटी, लंबगोल, पिवळसर पांढरी, पानाच्या शिरेला समांतर, एकेकटी किंवा दोन-चारच्या ओळीत. ती ४ ते ६ दिवसांत फुटतात. अळी दोन ते साडेतीन आठवडे खाते आणि मधे पाच-सहा अवस्थांतून जाते. कोष त्याच गुंडाळलेल्या पानात होतो, लालसर तपकिरी, आणि आठवडाभरात पतंग बाहेर येतो. पतंग म्हणून त्याला मिळतो सुमारे एक आठवडा. मुंबईच्या हवेत थंडीची झोप लागत नाही. हिरवं गवत आहे तोवर पिढीमागून पिढी चालू राहते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये एकाच बांधावर अंडी, अळ्या, कोष आणि पतंग सगळे एकाच दिवशी सापडतात.

८. मोठा पतंग काय खातो? चावतो का? अंगाला खाज येते का?

तो फुलांचा मध पितो, आणि मावा-तुडतुड्यांनी पानांवर सोडलेला गोड चिकट रसही. चावायला त्याला जबडाच नसतो. याच्या अळीच्या अंगावर खाज आणणारे केसही नसतात. खाज येते ती सुरवंटाच्या केसांनी, आणि सुरवंट वेगळ्या कुळांतल्या पतंगांच्या अळ्या असतात. पंखांची भुकटी हाताला लागते ती सूक्ष्म खवल्यांची, हात धुतले की झालं.

९. आमच्या तांदळाच्या डब्यातून पतंग निघतात. हेच का? आणि भिंतीवर चिकटलेली राखाडी सुरळी?

दोन्ही नाहीत. तांदळात जाळी करणारा राखाडी पतंग साठवणीच्या धान्यावर वाढतो, शेतातल्या हिरव्या पानाशी त्याचा संबंध नाही. आपल्या सोनेरी पतंगाची अळी सुक्या तांदळावर जगू शकत नाही, म्हणून तांदूळ बाजारातून आणताना तो घरात येतो ही भीती निराधार आहे. भिंतीवरची चपटी राखाडी पिशवी ही कसरीच्या जातीच्या पतंगाची अळी, ती धूळ, केस आणि कोळ्याची जाळी खाते. डब्यातल्या पतंगाची मात्र आपल्या कथेत एक मोठी जागा आहे, ती क्रमांक १४ मध्ये.

१०. पतंग दिव्यावर का झेपावतो? त्याला जळायचंच असतं का?

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगावर आपण शतकानुशतकं कविता केल्या, पण त्या जिवाला दिव्याची ओढ नसते. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रणावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: उडणारे कीटक सरळ दिव्याकडे जात नाहीत, ते आपली पाठ उजेडाकडे वळवतात. लाखो वर्षं रात्रीचा उजेड म्हणजे वरचं आकाश होतं. पाठ उजेडाकडे ठेवली की वर कुठे आणि खाली कुठे हे आपोआप कळत असे. आता उजेड बाजूला किंवा खाली असतो. पतंग त्याच्याकडे पाठ करायला कलतो, वळतो, पुन्हा कलतो आणि दिव्याभोवतीच्या फेऱ्यांत अडकतो. दिव्याच्या बरोबर वर आला तर पाठ खाली करायच्या नादात उलटा होऊन कोसळतो.

चादरीवर येऊन आपटणारा पतंग पाहताना मला हे आठवत राहतं. म्हणून आम्ही दिवा दोन-अडीच तासांत बंद करतो आणि चादर गवतावरच हलकेच झटकतो, रस्त्यावर नाही.

११. मग सोसायटीच्या दिव्यांचं काय करावं?

तीन गोष्टी, आणि तिन्हींत वीजही वाचते. पांढऱ्या-निळसर एलईडीऐवजी पिवळसर छटेचा दिवा लावा, निळ्या आणि अतिनील उजेडाकडे कीटक जास्त येतात. दिव्याला वरून टोपी लावा म्हणजे उजेड फक्त पायवाटेवर पडेल. कंपाउंडच्या मागच्या गवताकडे रोखलेला फ्लडलाइट रात्री अकरानंतर बंद ठेवता येतो का ते समितीत विचारा. माझ्या अनुभवात "किडे कमी होतील" एवढं सांगितलं तरी सभासद लगेच तयार होतात. पतंगांसाठी म्हणून सांगितलं तर कमी.

१२. वटवाघळांपासून तो वाचतो कसा?

या पतंगाला कान आहेत, आणि ते पोटावर आहेत. पोटाच्या सुरुवातीला खालच्या बाजूला पातळ पडद्यांची जोडी असते. वटवाघूळ भक्ष्य शोधताना जो आपल्याला न ऐकू येणारा अतिउंच आवाज काढतं, तो या पडद्यांना जाणवतो. आवाज आला की पतंग वेडावाकडा उडतो किंवा पंख मिटून गवतात पडतो. चादरीजवळ किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून पाहा, काही पतंग टपकन खाली पडतील. किल्ल्यांच्या आवाजातही अतिउंच स्वर असतात. हा प्रयोग मुलांना एकदाच दाखवा, पुन्हा पुन्हा करू नका, त्यांच्यासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.

१३. याला खातं कोण?

हे उत्तर लांब आहे, आणि क्रमांक १४ समजायला ते वाचणं गरजेचं आहे.

उडत्या पतंगाला चतुर, कोतवाल, वटवाघूळ आणि कोळ्यांची जाळी. पण खरी गाळणी त्याच्या आधी लागते. अंड्यांना गवतातले बारीक रातकिडे खातात. त्याच अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची, टाचणीच्या डोक्याहून लहान गांधीलमाशी आपलं अंडं घालते आणि अळीऐवजी तिची पिल्लं बाहेर पडतात. आणखी एक गांधीलमाशी, कॉपिडोसोमॉप्सिस, याहून अचाट आहे. तिचं एक अंडं पतंगाच्या अंड्यात जातं, अळी वाढते तसं आतल्या आत विभागत जातं, आणि शेवटी एका अंड्यापासून शेकडो गांधीलमाश्या तयार होतात. शेतात कधी नळी उघडल्यावर फुगलेली, ताठ, आत दाणे भरल्यासारखी अळी मिळते. ती टाकून देऊ नका, जिथे होती तिथे ठेवा.

अळी नळीत सुरक्षित असते असं आपल्याला वाटतं. ओफिओनिया नावाचा लालसर-निळा, चपळ भुंगेरा थेट नळीत शिरतो आणि दिवसाला तीन-पाच अळ्या फस्त करतो. बांधावरच्या जमिनीत आणि गवतात त्याचा मुक्काम असतो. लांडगा कोळी बुंध्यापाशी असतात, खाली पडलेली अळी त्यांच्या तावडीतून क्वचित सुटते.

एक मादी शेदोनशे अंडी घालते. त्यातले किती पतंग होतात, हे ही मंडळी शेतात आहेत की नाहीत यावर ठरतं.

१४. गावी आमच्या भाताची पानं पांढरी पडली आहेत. फवारणी करू का?

आधी पुढची तीन वाक्यं वाचा, मग पंप बाहेर काढा. लावणीनंतर पहिल्या चाळीसेक दिवसांत पानं गुंडाळलेली दिसली तरी उत्पन्नावर सहसा फरक पडत नाही. भात नवे फुटवे आणि नवी पानं काढून ती तूट भरून काढतो. आणि लवकर फवारलेलं औषध अळीच्या आधी क्रमांक १३ मधल्या मित्रांना मारतं, कारण अळी नळीत असते आणि ते उघड्यावर.

हे मी स्वतः पाहिलं आहे. रायगडात आमच्या वडिलांच्या खाचरात एका वर्षी ऑगस्टमध्ये पानं पांढरी दिसली. दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून दिली, वडिलांनी फवारली. अळ्या थोड्या कमी झाल्या आणि तीन आठवड्यांनी तपकिरी तुडतुड्यांनी खाचराच्या मधोमध वाळलेले गोल चट्टे पाडले. तुडतुड्यांना आवरणारे कोळी आम्हीच संपवले होते. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनंतर तुडतुडे उसळतात ही जगभर नोंदलेली गोष्ट आहे, आम्हाला ती नंतर कळली. व्हिएतनामच्या मेकाँगच्या खोऱ्यात १९९४ पासून शेतकऱ्यांना "पहिले चाळीस दिवस फवारू नका, आणि पटत नसेल तर तुमच्याच शेताच्या एका तुकड्यात करून पाहा" असं सांगितलं गेलं. असंख्य शेतकऱ्यांनी करून पाहिलं आणि फवारण्या कमी केल्या. मला त्यातली दुसरी अट फार मोलाची वाटते.

कधी काळजी करावी? भात पोटरीला आलं की, म्हणजे लोंबी अजून आत असते तेव्हा. लोंबीच्या लगतचं सगळ्यांत वरचं पान दाणा भरतं, ते पांढरं पडलं तर नुकसान होतं. शेतात तिरपं चालत वीसेक चूड (एकत्र लावलेल्या रोपांचे झुपके) पाहा. दर चुडात दोन किंवा जास्त ताजी गुंडाळलेली पानं असतील आणि उघडल्यावर आत जिवंत अळी मिळत असेल, तर कृषी सहायकांना बोलवा आणि ते सांगतील तेच औषध, तेवढंच वापरा. रिकाम्या नळ्या मोजू नका, त्या झालेल्या गोष्टीच्या खुणा आहेत.

त्याआधी करता येण्यासारखं बरंच आहे. युरिया एकदम न टाकता तीन हप्त्यांत द्या. गर्द हिरव्या, दाट भाताकडे मादी अंडी घालायला ओढली जाते. बांधाच्या सावलीतल्या पट्टीतही प्रादुर्भाव जास्त असतो. बोरीची काटेरी फांदी पिकावरून ओढली की नळ्या उघडतात आणि अळ्या पडतात. ट्रायकोकार्ड मिळत असतील तर तीही लावता येतात. कागदाच्या पट्टीवर चिकटवलेली ती बारीक अंडी असतात क्रमांक ९ मधल्या डब्यातल्या पतंगाची, आणि त्यांत ट्रायकोग्रामा वाढत असते. एका कार्डावर वीसेक हजार अंडी असतात. आपल्या तांदळाचा एक शत्रू दुसऱ्या शत्रूविरुद्ध असा कामी येतो. कार्ड लावल्यावर निदान आठवडाभर औषध मारू नका.

१५. शेजारी म्हणतात हा करपा आहे. फरक कसा ओळखायचा?

लांबून दोन्ही करपल्यासारखे दिसतात, पान हातात घेतलं की फरक कळतो. करपा हा बुरशीचा रोग आहे, त्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असतात. अळीचे पट्टे लांब, शिरांना समांतर आणि पांढरे असतात, आणि मिटलेल्या पानात काळसर विष्ठेचे कण सापडतात. बुरशीनाशक अळीवर चालत नाही आणि कीटकनाशक करप्यावर, म्हणून ही ओळख पैशाचीही आहे.

१६. पान गुंडाळलेलं आहे, पण आतली अळी वर्णनाशी जुळत नाही.

मग ती दुसरी कोणी आहे. डोकं मोठं, मान बारीक आणि पान कडेकडून कुरतडलेलं असेल तर ती स्किपर जातीच्या फुलपाखराची अळी. तीही पान शिवते, पण खरवडत नाही, सरळ खाऊन टाकते. ती सहसा थोडीच असते आणि तिच्यासाठी काही करावं लागत नाही.

पान शिवलेलं नसून त्याचा तुकडा कापून नळी केलेली असेल आणि ती पाण्यावर तरंगत असेल, तर ती सुरळीतील अळी. पाणी साचलेल्या खाचरात ती असते, तिला शरीराच्या बाजूंना कल्ले असतात आणि ती सुरळीतल्या पाण्यात श्वास घेते. तिच्यासाठी शेतातलं पाणी दोन-तीन दिवस काढून टाकणं पुरतं. हा उपाय आपल्या सोनेरी पतंगाच्या अळीवर चालत नाही, तिला पाण्याशी देणंघेणं नाही.

१७. माझ्या चार फोटोंत रेघा थोड्या वेगळ्या आहेत. चारही एकच का?

असतीलच असं नाही. पानं गुंडाळणाऱ्या पतंगांच्या जवळच्या जाती आहेत आणि त्यांतल्या काही भातावरच वाढतात. पॅटनॅलिस नावाची एक जात तर १९८१ मध्ये वेगळी ओळखली गेली, तोवर ती मेडिनॅलिसमध्येच मोजली जात होती. रेघांच्या जाडीवरून अंदाज बांधता येतो, खात्री मात्र जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. त्यातच आठवडाभर उडून खवले झडलेले पतंग सगळेच सारखे दिसतात. अशा वेळी नोंदीत प्रजातीपर्यंतच नाव लिहावं. अर्धवट पण खरी नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते.

१८. पाऊस संपून गवत वाळलं की हे जातात कुठे?

हिरवं जिथे टिकतं तिथे. नाल्याकाठचं गवत, तलावाची ओलसर कड, उन्हाळी भात असेल तर तो. भात नसताना पाखडासारखी भाताच्या नात्यातली गवतं त्याला सांभाळतात. संख्या खूप खाली येते, पण साखळी तुटत नाही.

हा छोटा जीव लांबचा प्रवासी आहे हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. जपानच्या मुख्य बेटांवर हिवाळ्यात तो जगत नाही. तरी दर उन्हाळ्यात तिथल्या भातावर तो हजर असतो, कारण जून-जुलैच्या पावसाळी वाऱ्यांवर स्वार होऊन तो दक्षिण चीनकडून समुद्र ओलांडून येतो. दिवसा पायाशी दोन मीटर उडणारा हाच पतंग रात्री उंच हवेत चढून वाऱ्याला अंग देतो.

१९. आमच्या सोसायटीच्या मागचं गवत कापायचं आहे. पतंगांसाठी काही करता येईल?

येईल. सगळं गवत एका दिवशी कापू नका. जागेचे दोन भाग करा, एक आज आणि दुसरा साधारण पाच आठवड्यांनी. या पतंगाची एक पिढी सुमारे महिन्याची असते (क्रमांक ७), तेवढ्या वेळात न कापलेल्या भागातल्या अळ्या पतंग होऊन निघून जातात. कापलेलं गवत लगेच पोत्यांत भरू नका, दोन दिवस कडेला पसरून ठेवा म्हणजे त्यातले कोळी आणि भुंगेरे उभ्या गवतात परत जातील. डासांची तक्रार आली तर साचलेलं पाणी काढा, डास तिथे होतात. सापांच्या भीतीसाठी इमारतीलगतची चार-पाच फुटांची पट्टी कायम कापलेली ठेवा. माळीकाकांना हे कागदावर लिहून न देता जागेवर नेऊन दाखवा, आणि एखादी नळी त्यांच्या हातात उघडा. आमच्याकडे त्यानंतर कुंपणालगतचं गवत कधी कापायचं हे तेच ठरवतात.